सामान्यज्ञान स्पर्धांच्या संयोजकांना खुले पत्र: यंदाची उत्तरसूची छापण्यापूर्वी

प्रति,
मुंबईतील सार्वजनिक गणेशोत्सव मंडळे, चाळ समित्या आणि गृहनिर्माण संस्था यांच्या सामान्यज्ञान स्पर्धांचे सर्व संयोजक

विषय: उत्तरसूचीतील चुका आणि त्यांतून रुजणारे गैरसमज

सप्रेम नमस्कार.

परळच्या एका शाळेत मी एकतीस वर्षे ग्रंथपाल होतो. नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतर मिळून सतरा वर्षे मी परळ, लालबाग, शिवडी या भागांतल्या मंडळांच्या सामान्यज्ञान स्पर्धांना परीक्षक म्हणून आलो आहे. मंडपामागच्या खोलीत सतरंजीवर बसून मी तपासलेल्या उत्तरपत्रिका काही हजारांच्या घरात जातील. या स्पर्धांविषयी मला मनापासून आस्था आहे. ज्या घरात पाठ्यपुस्तकांखेरीज एकही पुस्तक नसते, तिथली मुले या एका स्पर्धेसाठी महिनाभर वाचतात, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणूनच पुढचे लिहिणे मला कर्तव्य वाटते.

२०१८ सालच्या एका स्पर्धेत प्रश्न होता, 'भारताची राष्ट्रभाषा कोणती?' उत्तरसूचीत 'हिंदी' असे छापलेले होते. सातवीतल्या एका मुलीने लिहिले होते, 'संविधानात कोणत्याही भाषेला राष्ट्रभाषा म्हटलेले नाही.' तिचे उत्तर बरोबर आहे हे मला ठाऊक होते. परंतु संयोजकांनी दिलेल्या उत्तरसूचीबाहेर जाण्याचा परीक्षकाला अधिकार नाही असे मानून मी त्यावर फुली मारली. त्या दोन गुणांनी तिचे तिसरे बक्षीस हुकले. पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा आला आणि त्याच मुलीने 'हिंदी' असे लिहिले. तिला दोन्ही गुण मिळाले. खरे काय ते माहीत असलेल्या मुलीला खोटे लिहायला आपण एका वर्षात शिकवले, आणि शिकवणाऱ्यांत मी होतो. ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून गेलेली नाही.

या एका प्रश्नाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण मुंबईत त्याच्या उत्तराशी रोज गाठ पडते. संविधानाच्या ३४३ व्या अनुच्छेदानुसार देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. राजभाषा म्हणजे सरकारी कामकाजाची भाषा. संविधान सभेत सप्टेंबर १९४९ मध्ये या विषयावर अतिशय तीव्र वाद झाला आणि १४ सप्टेंबरला जी तडजोड स्वीकारली गेली ती मुन्शी-अय्यंगार सूत्र म्हणून ओळखली जाते. हिंदी राजभाषा व्हावी, इंग्रजीचा वापर पंधरा वर्षे चालू राहावा आणि अंक आंतरराष्ट्रीय रूपातले असावेत, असे ते सूत्र होते. पंधरा वर्षांची मुदत १९६५ मध्ये संपणार होती, पण त्याआधीच १९६३ च्या राजभाषा अधिनियमाने इंग्रजीचा वापर पुढेही चालू ठेवण्याची सोय केली. आठव्या अनुसूचीत आरंभी चौदा भाषा होत्या; १९६७ मध्ये सिंधी, १९९२ मध्ये कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी, तर २००३ च्या घटनादुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाली यांची भर पडून त्या आज बावीस आहेत. या बाविसांपैकी एकीलाही संविधानाने राष्ट्रभाषा म्हटलेले नाही. २०१० मध्ये गुजरात उच्च न्यायालयासमोर हा मुद्दा आला, तेव्हा हिंदीला राष्ट्रभाषा ठरवणारी तरतूद किंवा आदेश असल्याचे दाखवणारे काहीही नोंदीवर नाही, असेच न्यायालयाने म्हटले. आपल्या राज्यापुरते पाहिले तर महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार राजभाषा मराठी आहे.

मग हा समज आला कोठून? त्याचा उगम अनादर करण्यासारखा मुळीच नाही. स्वातंत्र्याच्या चळवळीत सर्व प्रांतांना जोडणारी एक देशी भाषा असावी, ही ओढ खरी होती. वर्ध्याला १९३६ मध्ये राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. तिच्या परीक्षांना महाराष्ट्रातली असंख्य मुले बसली. माझ्या वडिलांचे 'राष्ट्रभाषा कोविद'चे प्रमाणपत्र आमच्या खोलीत चौकट करून भिंतीवर लावलेले होते आणि त्याचा त्यांना सार्थ अभिमान होता. ज्या पिढीने हा शब्द प्रमाणपत्रावर वाचला, तिने तो पुढच्या पिढीला दिला. चळवळीतली आकांक्षा आणि नंतर लिहिले गेलेले संविधान यांत जे अंतर पडले, ते मात्र कोणी समजावून सांगितले नाही.

त्याचा परिणाम बँकेच्या खिडकीवर आणि लोकलच्या डब्यात दिसतो. मराठीत बोलणाऱ्याला 'राष्ट्रभाषेत बोला' असे सुनावले जाते, आणि मराठीची बाजू मांडणारा माणूससुद्धा 'हिंदी राष्ट्रभाषा आहे हे मान्य, पण' अशी सुरुवात करतो. जे मान्य करण्याची गरजच नव्हती, ते तो पहिल्याच वाक्यात देऊन टाकतो. हिंदीवर प्रेम करायला, ती शिकायला, तिच्यात लिहायला कोणाचीच आडकाठी नसावी. मी स्वतः हिंदी साहित्य आवडीने वाचतो. भाषांच्या वादात कोणी कोणतीही भूमिका घ्यावी, पण ती घेताना पायाखालची वस्तुस्थिती खरी असावी, एवढीच माझी मागणी आहे.

राष्ट्रीय खेळाचा प्रश्नही जवळजवळ प्रत्येक स्पर्धेत असतो आणि त्याचे उत्तर 'हॉकी' असे छापलेले असते. १९२८ ते १९५६ या काळात भारताने हॉकीत ऑलिंपिकची सलग सहा सुवर्णपदके जिंकली, पुढे १९६४ आणि १९८० मध्ये आणखी दोन मिळवली. इतके वैभव पाहिलेल्या देशाला तो आपला राष्ट्रीय खेळ वाटावा, यात नवल नाही. परंतु कोणत्याही खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेले नाही, असे उत्तर केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१२ मध्ये माहितीच्या अधिकारात दिले आणि २०२० मध्ये आपल्याच राज्यातील एका शिक्षकांनी विचारल्यावर पुन्हा तेच सांगितले. प्रश्न हॉकीवरच हवा असेल तर २९ ऑगस्ट हा राष्ट्रीय क्रीडा दिन कोणाच्या जयंतीचा, हे विचारावे. मेजर ध्यानचंद हे त्याचे निःसंशय उत्तर आहे.

आपल्याच शहराबद्दलचे प्रश्नही याला अपवाद नाहीत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी ही देशातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी होती. 'पहिली रेल्वे' असे विचारले तर मद्रासजवळ रेड हिल्स येथे १८३७ मध्ये दगड वाहून नेणारी रेल्वे आणि रुडकीजवळ १८५१ मध्ये कालव्याच्या कामावर बांधकामाचे साहित्य ओढणारे इंजिन आधीचे ठरतात. प्रश्नात 'प्रवासी' हा एक शब्द घातला की उत्तर निर्दोष होते. गेटवे ऑफ इंडियाचेही तसेच आहे. पंचम जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये अपोलो बंदरावर उतरले तेव्हा आजची कमान उभीच नव्हती. ती १९२४ मध्ये पूर्ण झाली. त्या कमानीखालून प्रत्यक्षात जे घडले ते मुलांना अधिक आवडेल: २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी तिथून मायदेशी गेली.

काही उत्तरे एके काळी खरी होती आणि आता नाहीत. मूलभूत हक्क किती, याचे 'सात' हे उत्तर अजूनही काही सूचींत सापडते. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला गेला आणि तो ३०० अ या अनुच्छेदाखाली कायदेशीर हक्क म्हणून राहिला. म्हणजे ज्या पुस्तकावरून ती सूची उतरवली, त्याचा मजकूर चाळीस वर्षांहून जुना आहे. सूची अशीच तयार होते, हे आपणही जाणता. गेल्या वर्षीची वही काढली जाते, तीत दादरच्या पदपथावर मिळणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकातले दहा प्रश्न मिसळले जातात आणि अलीकडे मोबाइलवर आलेले पाच. या शेवटच्या पाचांबद्दल विशेष सावध राहावे. 'जन गण मन'ला युनेस्कोने जगातील सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवले, हा प्रश्न मी दोन स्पर्धांत पाहिला. युनेस्कोने असे कधीही जाहीर केलेले नाही. स्वातंत्र्य नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळाले, असे सांगणारी मुलेही मला भेटली आहेत. त्यांना संविधानाचा ३९५ वा अनुच्छेद दाखवावा. ब्रिटिश संसदेने केलेला १९४७ चा स्वातंत्र्याचा कायदासुद्धा त्या अनुच्छेदाने निरसित केला आहे.

इथवर वाचून कोणी म्हणेल की मुलांची स्पर्धा आहे, दोन गुणांचा प्रश्न आहे, एवढे मनाला का लावून घ्यावे. त्यांच्यासाठी आमच्या चाळीतली एक घटना लिहितो. काही वर्षांपूर्वी नऊ वर्षांचा एक मुलगा संध्याकाळी शिकवणीहून परतला नाही. रात्री नऊच्या सुमारास सगळा मजला गोळा झाला आणि जमलेल्यांपैकी बहुतेकांनी एकच सांगितले, 'चोवीस तास झाल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत.' सांगणारे सगळे शिकलेले होते. त्यांच्यावर विश्वास ठेवून त्याचे वडील रात्रभर परळपासून कुर्ल्यापर्यंत फलाटामागून फलाट पालथे घालत राहिले आणि पोलीस ठाण्याची पायरी त्यांनी सकाळी चढली. मुलगा दुपारी कल्याण स्थानकावर सुखरूप सापडला.

असा चोवीस तासांचा कोणताही नियम आपल्या कायद्यात नाही. उलट, १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की बेपत्ता बालकाच्या प्रत्येक तक्रारीवर प्रथम माहिती अहवाल नोंदवावा आणि अपहरण किंवा मानवी तस्करीचा संशय गृहीत धरून तपास सुरू करावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे. आपल्या स्पर्धेत हा प्रश्न मी आजवर एकदाही पाहिलेला नाही, आणि राष्ट्रीय फुलापेक्षा तो मला अधिक मोलाचा वाटतो. मुले घरी जाऊन प्रश्न पुन्हा सांगतात. मुलाला ठाऊक झाले की घर ऐकते, आणि घराने ऐकले की मजला ऐकतो. त्या रात्री आमच्या मजल्यावर एकाही माणसाला हे माहीत असते तर दहा-अकरा तास वाया गेले नसते.

लोकसंख्येच्या आकड्यांबद्दलही लिहिले पाहिजे, कारण मंडपात रात्री रंगणाऱ्या गप्पांत सर्वांत ठाम विधाने याच विषयावर होतात. मुंबई बेसुमार वाढते आहे, असे सगळे म्हणतात. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३.३८ लाख होती. २०११ मध्ये ती ३०.८५ लाखांवर आली. याच दशकात उपनगर जिल्हा ८६.४० लाखांवरून ९३.५७ लाखांवर गेला. गिरणगावात राहणाऱ्याला यात आश्चर्य वाटू नये. गिरण्या बंद पडल्या, घरे लहान पडली आणि आमच्या चाळीतली निम्मी बिऱ्हाडे विरार, डोंबिवली, बदलापूरला गेली. एकाच शहराचा एक भाग रिता होत असताना दुसरा भरत होता.

अमुक एका समाजाची संख्या लवकरच सर्वांना मागे टाकणार, असेही तितक्याच खात्रीने बोलले जाते, आणि लहान मुले ते कान देऊन ऐकत असतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशात हिंदू ७९.८ टक्के आणि मुस्लिम १४.२ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत मुस्लिम समाजाचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे होणाऱ्या मुलांची सरासरी, ४.४ होता, २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो २.३६ झाला. हिंदू समाजाचा दर याच काळात ३.३ वरून १.९४ वर आला. दोन्ही समाजांत कुटुंबे लहान होत आहेत आणि त्यांच्यातले अंतर घटते आहे. शेजाऱ्याविषयीची भीती ज्या आकड्यावर उभी असते तो कधी कोणी तपासत नाही, म्हणून मला हा गैरसमज सर्वांत दुःखद वाटतो. २०२१ ची जनगणना झाली नाही आणि पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ हा ठरलेला आहे. तोवर लोकसंख्येवरचा कोणताही प्रश्न विचारताना त्यात वर्ष लिहिणे अत्यावश्यक आहे; वर्षाविना विचारलेल्या अशा प्रश्नाला बरोबर उत्तरच नसते.

महाविद्यालयीन गटासाठी दोन प्रश्न सुचवतो. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा आहे का? नाही, २०१६ च्या आधार कायद्याचे कलम ९ तसे स्पष्ट सांगते. दुसरा प्रश्न 'नोटा'विषयी: त्याला सर्वाधिक मते मिळाली तर निवडणूक पुन्हा होते का? लोकसभा आणि विधानसभेसाठी याचे उत्तर 'नाही' असे आहे, कारण उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक मते मिळतात तोच निवडून येतो. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये फेरनिवडणुकीचा आदेश काढला. महापालिकेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेत नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो, ही गोष्टही यानिमित्ताने मुलांना कळेल. मतदार म्हणून पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्या मुलाला याचा लगेच उपयोग आहे.

माझी विनंती अशी आहे. उत्तरसूचीतल्या प्रत्येक उत्तरासमोर ते कशावरून घेतले हे लिहावे: अनुच्छेद, कायद्याचे कलम, जनगणनेचे वर्ष, शासन निर्णय, जे असेल ते. जिथे तो रकाना कोरा राहील, तो प्रश्न गाळावा. पन्नासाऐवजी छत्तीसच प्रश्न उरले तरी चालतील. संविधानाची मराठी आवृत्ती शासनाने प्रकाशित केलेली आहे. तिची एक प्रत प्रत्येक मंडळाच्या कपाटात असावी आणि परीक्षकाच्या समोर ठेवलेली असावी. एखाद्या मुलाला सूचीतले उत्तर चुकीचे वाटले तर निकाल लागण्यापूर्वी त्याला तसे लेखी मांडता यावे आणि त्याचे म्हणणे खरे निघाले तर ज्या ध्वनिक्षेपकावरून बक्षिसे जाहीर होतात त्यावरूनच ती दुरुस्तीही सर्वांना ऐकवावी. परीक्षकांनाही सूचीबाहेर जाण्याचा अधिकार द्यावा. २०१८ मध्ये तो मला हवा होता, आणि मी तो मागितला नाही हा दोष माझा आहे.

ज्या मंडळांना उत्तरसूची तपासून हवी असेल त्यांनी ती पिठोरी अमावास्येच्या आठ दिवस आधी माझ्याकडे पोहोचवावी. परळ-लालबागमधल्या बहुतेक मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझे घर ठाऊक आहे. शाळेतल्या दोन निवृत्त सहकाऱ्यांनीही मदतीची तयारी दाखवली आहे आणि या कामाचे मानधन आम्ही कोणीही घेणार नाही.

एक मागणी माझ्या स्वतःसाठी आहे. ती मुलगी आता महाविद्यालयात शिकते आणि तिचे कुटुंब अजून त्याच इमारतीत राहते. तिची २०१८ ची उत्तरपत्रिका मी जपून ठेवली आहे. त्या मंडळाच्या यंदाच्या पहिल्या बैठकीला मी ती घेऊन येईन. फुली खोडून तिथे दोन गुण लिहू द्यावेत, त्यावर माझी आणि अध्यक्षांची सही असावी आणि राहिलेले तिसरे बक्षीस यंदाच्या बक्षीस समारंभात तिला बोलावून द्यावे.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल
परळ, मुंबई